नोंद, साक्ष आणि तुलना : चुंबकीय पुनर्संयोजनाच्या इतिहासातील कुलाबा आणि मद्रास

१

१८५९ च्या सप्टेंबर महिन्याच्या दोन तारखेला, दुपार होण्यापूर्वी, मुंबईच्या कुलाबा वेधशाळेतील एक टांगलेला चुंबक आपल्या नित्याच्या जागेवरून सरकला. पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राचा जो घटक क्षितिजाला समांतर असतो, त्याचे बल आजच्या मापाने सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी उतरले आणि पुढे जवळजवळ तितक्याच झपाट्याने बरेचसे सावरले. शांत दिवशी याच ठिकाणी दिवसभरात होणारा चढउतार काही दशक नॅनोटेस्लांचा असतो, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या घसरणीचा आवाका कळतो. एरवी तासातासाने होणारी नोंद अशा प्रसंगी काही मिनिटांच्या अंतराने करण्याचा वेधशाळेचा शिरस्ता होता. तो त्या दिवशीही पाळला गेला. छायाचित्रणाच्या साहाय्याने आपोआप आलेख काढणारी उपकरणे तेव्हा कुलाब्यास आलेली नव्हती. कोणी एक माणूस दुर्बिणीतून मोजपट्टीकडे पाहत होता, आकडा वाचत होता आणि कागदावर उतरवीत होता. आकड्यांच्या स्तंभात लिहिणाऱ्याच्या नावाला जागा नसते.

या आकड्यांचे सविस्तर वाचन २००३ मध्ये झाले. ब्रूस त्सुरुतानी, वॉल्टर गोन्झालेझ, गुरबक्ष लाखिना आणि शोभना अलेक्स यांनी त्या वर्षी प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधात कुलाब्याच्या नोंदीच्या आधारे १८५९ च्या वादळाचे मोजमाप मांडले. यांपैकी शेवटचे दोघे मुंबईच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेतील संशोधक होत. लेखन आणि वाचन यांमध्ये एकशे चव्वेचाळीस वर्षांचे अंतर पडले. दरम्यानच्या काळात आयनद्रायूचे भौतिकशास्त्र जन्माला आले, चुंबकीय पुनर्संयोजनाची कल्पना मांडली गेली, तिला विरोध झाला आणि अखेर अवकाशयानांनी ती घटना प्रत्यक्ष घडताना टिपली.

प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन असे आहे : चुंबकांबरातील पुनर्संयोजनाचा शोध हा जितका उपकरणांचा इतिहास आहे, तितकाच तो अर्थ कळण्यापूर्वी जपलेल्या नोंदींचा आणि दूरदूरच्या नोंदी शेजारी ठेवून वाचण्याचा इतिहास आहे. या इतिहासात मराठी भाषकांचा वाटा आरंभापासून होता. मात्र मराठी वाङ्मयेतिहासाने तो आपला मानला नाही. तौलनिक साहित्याच्या अभ्यासकांपुढे हा विषय ठेवण्याचे कारण हेच.

२

प्रथम शास्त्रीय आशय थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. सूर्यापासून सर्व दिशांना द्रव्याचा एक झोत अखंड वाहत असतो. त्यातील अणूंचे विद्युत्भारित घटक परस्परांपासून सुटे झालेले असल्याने तो साधा वायू नव्हे. अर्विंग लँगम्यूर यांनी १९२८ मध्ये अशा द्रव्यास ‘प्लाझ्मा’ हे नाव दिले; मराठी विश्वकोशाने ‘आयनद्रायू’ ही संज्ञा स्वीकारली. सेकंदाला साधारण चारशे किलोमीटर वेगाने येणाऱ्या या झोतास सौरवात म्हणतात. पृथ्वीचे चुंबकक्षेत्र त्यास अडवते. सूर्याकडील बाजूस ही सीमा पृथ्वीपासून सामान्यतः साठ-सत्तर हजार किलोमीटरांवर असते. उलट बाजूस पृथ्वीचे क्षेत्र एखाद्या लांब पुच्छासारखे ओढले जाते. या सीमेच्या आतील प्रदेश म्हणजे चुंबकांबर.

सौरवात आपल्यासोबत सूर्याचे चुंबकक्षेत्रही वाहून आणतो. सामान्य परिस्थितीत आयनद्रायू आणि त्यातील क्षेत्ररेषा एकमेकांशी जखडलेल्या असतात. म्हणून सौरवात आणि चुंबकांबर एकमेकांत मिसळत नाहीत. परंतु येणाऱ्या क्षेत्राची दिशा दक्षिणेकडे, म्हणजे सीमेवरील पृथ्वीच्या क्षेत्राच्या उलट असेल, तर सीमेवरील अतिशय पातळ थरात हे जखडलेपण सुटते. सूर्याकडून आलेली रेषा पृथ्वीच्या रेषेला जोडली जाते. क्षेत्रात साठलेली ऊर्जा कणांना मिळते, जोडलेल्या रेषा पुच्छाकडे ओढल्या जातात आणि तेथे पुन्हा असेच संयोजन घडून कण पृथ्वीच्या दिशेने लोटले जातात. पृथ्वीभोवती पश्चिमेकडे वाहणारा एक वलयाकार विद्युत्प्रवाह बलवान होतो आणि विषुववृत्ताच्या आसपासच्या ठिकाणी क्षैतिज बल उतरते. कुलाब्याच्या चुंबकाने १८५९ मध्ये जे दाखविले, त्यामागे ही साखळी होती.

साहित्याच्या अभ्यासकाने येथे क्षणभर थांबावे, असे मला वाटते; कारण या वर्णनातील ‘रेषा’ हे एक रूपक आहे. क्षेत्ररेषा हा क्षेत्राची दिशा दाखविण्याचा संकेत होय, ती वस्तू नव्हे. संकेताला तोडता येते काय, जोडता येते काय, हा प्रश्न खुद्द हॅनेस आल्फव्हेन यांनी उपस्थित केला. रेषा आयनद्रायूत जखडलेल्या असतात ही कल्पना त्यांचीच, १९४० च्या दशकाच्या आरंभीची. पुढे १९७० मध्ये नोबेल पारितोषिक मिळालेला हा शास्त्रज्ञ आपल्याच रूपकाच्या वापराविषयी साशंक झाला आणि पुनर्संयोजनाच्या भाषेला त्याने कठोर विरोध केला. रूपक उपयोगी ठरल्यामुळे त्याला वस्तू समजण्याचा मोह होतो, हा त्यांचा इशारा अलंकारशास्त्राच्या विद्यार्थ्यास अपरिचित नाही.

मराठी संज्ञेचाही येथे विचार करावयास हवा. ‘पुनर्संयोजन’ या शब्दातील ‘पुनर्’ या उपसर्गामुळे तुटलेली दोन टोके पुन्हा एकमेकांस मिळाली, असा अर्थ ध्वनित होतो. प्रत्यक्षात टोके आपला जोडीदार बदलतात. रेल्वेच्या मराठीत यासाठी एक जुना, कामकरी शब्द आहे : सांधे बदलणे. सांधेवाला रूळ नवे टाकीत नाही. कोणता रूळ कोणत्या रुळास मिळावा एवढेच तो बदलतो आणि गाडी दुसऱ्या दिशेला जाते. चुंबकांबराच्या सीमेवर घडते ते याच्या पुष्कळ जवळचे आहे. ‘पुनर्संयोजन’ रूढ झाले असल्याने या निबंधात तेच वापरले आहे. परंतु ‘सांधेबदल’ हा पर्याय परिभाषाकारांनी विचारात घ्यावा, असे सुचवावेसे वाटते.

३

कुलाब्याचा चुंबक एकटा नव्हता. गाउस आणि वेबर यांनी १८३० च्या दशकात गटिंगेन येथून दूरदूरच्या वेधशाळांची एक संघटना उभी केली. ठरलेल्या दिवशी, गटिंगेनच्या घड्याळानुसार एकाच क्षणी सर्वांनी आपापले चुंबक वाचावेत, अशी ती योजना होती. पुढे ब्रिटनमध्ये या कार्याला मोहिमेचे स्वरूप आले आणि ईस्ट इंडिया कंपनीने मद्रास, सिमला, सिंगापूर व मुंबई येथे चुंबकीय वेधांची व्यवस्था केली. १८२६ मध्ये स्थापन झालेल्या कुलाबा वेधशाळेत चुंबकीय वेध १८४१ पासून सुरू झाले आणि १८४६ पासून त्यांची अखंड मालिका मिळते.

मद्रासची वेधशाळा याहून जुनी. नुंगमबाक्कम येथे १७९२ मध्ये ती उभी राहिली. वेस्ट मांबलममध्ये राहणाऱ्याला तेथे जावयाचे तर मांबलम स्थानकावरून उत्तरेकडे जाणाऱ्या लोकल गाडीचे दुसरे स्थानक गाठावे लागते. त्या आवारात आता हवामान खात्याचे प्रादेशिक केंद्र आहे. जुन्या वेधशाळेच्या इमारतीऐवजी तिचा ग्रॅनाइटचा स्तंभ मागे उरला आहे. स्थापनेचे वर्ष आणि हेतू पुढील पिढ्यांना कळावा म्हणून त्यावर जो लेख कोरला, तो तमिळ आणि तेलुगू यांसह एकाहून अधिक भाषांत आहे. शिलालेखाला देशी भाषा लागल्या. वेधांच्या वहीला त्या लागल्या नाहीत. मद्रासच्या चुंबकीय वेधांपैकी १८४६ ते १८५० चा भाग विल्यम जेकब यांनी १८५४ मध्ये प्रसिद्ध केला. १८५१ ते १८५५ चा भाग छापून निघण्यास १८८४ साल उजाडावे लागले. जवळजवळ तीस वर्षे ते आकडे हस्तलिखितात होते.

या दोन वेधशाळांत १८४० च्या सुमारास दोन तरुण कामास लागले. अलिबागजवळच्या नागाव येथे १८२४ मध्ये जन्मलेले केरो लक्ष्मण छत्रे हे १८४० मध्ये प्राध्यापक ऑर्लेबार यांच्या हाताखाली कुलाब्यास साहाय्यक झाले. हवामानाचे आणि लोहचुंबकाचे वेध घेणे हे त्या वेधशाळेचे काम होते, आणि केरूनाना तेथे १८५१ पर्यंत होते. त्याच आधीच्या पिढीतील बाळशास्त्री जांभेकर यांनीही काही काळ कुलाब्याच्या वेधशाळेचे काम पाहिले. मद्रासला याच सुमारास चिंतामणी रघुनाथाचारी अगदी खालच्या पायरीवरून वेधशाळेत शिरले आणि पुढे प्रथम साहाय्यकाच्या पदास पोहोचले. १८६७ मध्ये त्यांनी एका रूपविकारी ताऱ्याचा शोध लावला.

दोघांच्या पुढील वाटचालीत विलक्षण साम्य आहे. केरूनानांनी १८६० मध्ये ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ हा मराठी ग्रंथ सिद्ध केला आणि त्यांच्या गणिताच्या आधारे पटवर्धनी पंचांग निघू लागले. रघुनाथाचारींनी दृग्गणित पंचांग काढले आणि १८७४ च्या शुक्राच्या अधिक्रमणाविषयीची पुस्तिका एकाहून अधिक भाषांत लोकांपुढे ठेवली. कंपनीच्या वेधशाळेत शिकलेले प्रत्यक्ष वेधाचे तंत्र दोघांनी आपापल्या भाषेतील पंचांगाच्या परंपरेकडे वळविले. एकाचा दुसऱ्यावर प्रभाव पडला असे येथे म्हणावयाचे नाही. समान संस्था, समान शिस्त आणि आपापल्या भाषेत आधीपासून असलेला समान वाङ्मयप्रकार यांतून हे साम्य उद्भवले, असे म्हणणे अधिक युक्त ठरेल.

आणि येथेच चुंबकाचे वेगळेपण उठून दिसते. ग्रहांच्या गतीला मराठीत घर होते : करणग्रंथ होते, कोष्टके होती, तिथीच्या वादाला समाजात अर्थ होता. क्षैतिज बलाच्या चढउताराला असे कोणतेही घर नव्हते. ज्या हातांनी चुंबक वाचले, त्यांनी मराठीत त्याविषयी ग्रंथ रचला नाही. कारण तो कोणत्या प्रकारात लिहावा, कोणासाठी लिहावा, याचे उत्तर तत्कालीन भाषाव्यवहारात उपलब्ध नव्हते. परिणामतः वाङ्मयेतिहासाने केरूनानांची कोष्टके नोंदविली आणि त्यांची अकरा वर्षांची वही चरित्रातील नोकरीच्या तपशिलात जमा केली. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी ‘भारतीय ज्योतिःशास्त्रा’त या नोकरीची दखल घेतली, हे त्यांच्या साक्षेपाचे द्योतक होय.

४

एकाच ठिकाणची नोंद कितीही प्रामाणिक असली, तरी तिच्यातून कारण हाती लागत नाही. याचे उदाहरण १ सप्टेंबर १८५९ रोजीच घडले. रिचर्ड कॅरिंग्टन यांनी इंग्लंडमध्ये सूर्यावरील डागांच्या समूहावर अचानक लखलखीत प्रकाश पाहिला. रिचर्ड हॉजसन यांनी तो स्वतंत्रपणे पाहिला. सुमारे साडेसतरा तासांनी पृथ्वीवर वादळ सुरू झाले. कॅरिंग्टन यांनी दोन्ही घटनांचा कार्यकारणसंबंध जोडण्याचे टाळले. एका प्रसंगावरून सिद्धान्त मांडू नये, ही त्यांची सावधगिरी त्या काळात योग्यच होती.

भारताच्या दक्षिण टोकाला मात्र तुलनेच्या मार्गाने एक मोठे अनुमान आकार घेत होते. त्रावणकोरच्या महाराजांची त्रिवेंद्रम येथील वेधशाळा १८३७ मध्ये स्थापन झालेली. स्कॉटिश शास्त्रज्ञ जॉन अॅलन ब्राउन यांनी १८५२ ते १८६५ या काळात तिचे संचालन केले. ते गेल्यानंतरही वेध १८६९ पर्यंत चालू राहिले. चुंबकीय विषुववृत्ताच्या सान्निध्यामुळे हे स्थान विशेष महत्त्वाचे होते. दूरदूरच्या वेधशाळांचे आकडे शेजारी ठेवून ब्राउन यांनी दाखवून दिले, की क्षैतिज बलात दिवसागणिक होणारे काही बदल पृथ्वीवर सर्वत्र एकाच वेळी होतात आणि त्यांत सुमारे सव्वीस दिवसांची आवृत्ती आढळते. सूर्याच्या स्वतःभोवती फिरण्याशी तिचा संबंध असावा, हे त्यांचे अनुमान होते. ज्या शास्त्राला अद्याप सौरवात ठाऊक नव्हता, त्याने केवळ तुलनेच्या बळावर सूर्याकडे बोट दाखविले.

याच काळात, १८५८ पासून १८७२ पर्यंत, त्रावणकोरचे दिवाण होते सर टी. माधवराव. कुंभकोणमच्या तंजावरी मराठी घराण्यात १८२८ मध्ये त्यांचा जन्म झाला. वडील रंगराव आणि चुलते व्यंकटराव या दोघांनीही त्रावणकोरची दिवाणगिरी केली होती. माधवरावांचे शिक्षण मद्रासच्या हायस्कुलात गणितज्ञ एअर बर्टन पॉवेल यांच्याजवळ झाले. पॉवेल यांच्या घराच्या वरच्या व्हरांड्यात ते खगोलशास्त्र शिकले आणि बांबूच्या नळ्यांत बाजारातून आणलेली भिंगे बसवून त्यांनी दुर्बीण व सूक्ष्मदर्शक तयार केले, असे त्यांच्या चरित्रात सांगितले जाते. घरात मराठी, भोवती तमिळ, राज्यात मलयाळम आणि कारभारात इंग्रजी असा त्यांचा भाषिक परिसर होता. चेन्नईच्या तंजावरी मराठी कुटुंबांत असा परिसर आजही ओळखीचा आहे. माधवरावांनी चुंबकशास्त्रात भर घातली असा दावा येथे नाही. ज्या राज्याच्या खर्चाने हे वेध झाले, त्या राज्याचा कारभार वेधाचे मोल जाणणाऱ्या माणसाच्या हाती होता, एवढेच लक्षात घ्यावयाचे आहे.

कुलाब्याच्या मालिकेला तिचा पहिला समर्थ वाचक मुंबईतच मिळाला. वादळाच्याच वर्षी, १८५९ मध्ये, जन्मलेले नानाभॉय अर्देशिर फ्रामजी मूस हे १८९६ मध्ये कुलाब्याचे पहिले भारतीय संचालक झाले. १८४६ ते १९०५ या साठ वर्षांच्या चुंबकीय वेधांचे संपादन आणि विवेचन करणारा त्यांचा द्विखंडात्मक ग्रंथ १९१० मध्ये निघाला. अनेक वादळांच्या नोंदी एकावर एक ठेवून वादळाचा सर्वसामान्य क्रम शोधण्याची त्यांची रीत पुढे सिडनी चॅपमन यांच्या कार्यास उपकारक ठरली.

मूस यांच्याच कारकिर्दीत मुंबईच्या घोड्यांच्या ट्राम विजेवर नेण्याचे ठरले. विजेच्या प्रवाहाने चुंबकाची साक्ष भ्रष्ट झाली असती. म्हणून अलिबाग येथे लोहरहित साहित्याची नवी वेधशाळा बांधण्यात आली. तेथील वेध १९०४ मध्ये सुरू झाले. जुनी वेधशाळा मात्र लगेच थांबविली नाही. १९०६ पर्यंत दोन वर्षे कुलाबा आणि अलिबाग येथे समांतर वेध घेण्यात आले, जेणेकरून एका मालिकेचा आकडा दुसऱ्या मालिकेच्या भाषेत सांगता यावा. याला उत्तम पाठचिकित्सा म्हणावयास हरकत नाही. मद्रासला असा प्रसंग आला नाही, कारण तेथील चुंबकीय वेध आधीच खंडित झाले होते. १८९५ मध्ये शहरात विजेच्या ट्राम आल्या आणि १९३१ मध्ये मांबलम-नुंगमबाक्कमवरून जाणारा तांबरमचा लोहमार्गही विजेवर गेला. कुलाब्याची मालिका टिकली आणि मद्रासची टिकली नाही, यामागे वेधकांच्या निष्ठेतील भेद नव्हता. जपणूक, छपाई आणि स्थलांतर यांची व्यवस्था एका ठिकाणी झाली, दुसऱ्या ठिकाणी झाली नाही.

५

विसाव्या शतकात अर्थाची बाजू उलगडू लागली. युजीन पार्कर यांनी १९५८ मध्ये सौरवाताचा सिद्धान्त मांडला, तेव्हा दोन परीक्षकांनी तो लेख नाकारावा असे मत दिले. ‘अॅस्ट्रोफिजिकल जर्नल’चे तत्कालीन संपादक सुब्रह्मण्यन चंद्रशेखर होते, मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजचे ते विद्यार्थी. सिद्धान्त त्यांनाही पटला नव्हता. परंतु परीक्षकांनी गणितातील एकही दोष दाखविला नाही, हे पाहून त्यांनी लेख छापला. आपल्याला न पटलेले परंतु सदोष न ठरलेले लेखन प्रसिद्ध करणे, ही संपादकाची नीती होय. १९६२ मध्ये मरिनर-२ या यानाच्या वेधांनी सौरवाताला भक्कम पुष्टी मिळाली.

जेम्स डंगी यांनी १९६१ मध्ये पुनर्संयोजनाची कल्पना पृथ्वीच्या चुंबकांबराला लावली. दक्षिणाभिमुख क्षेत्र आले की सीमा उघडते, हे त्यांचे सूत्र जमिनीवरील वेधांशी आणि यानांच्या मोजमापांशी हळूहळू जुळत गेले. १९७९ मध्ये गट्झ पाशमान आणि सहकाऱ्यांनी आयसी यानांच्या आधारे सीमेवर वेगाने फेकल्या जाणाऱ्या आयनद्रायूचा पुरावा दिला.

तरीही एक मूलभूत अडचण उरली. एकटे यान एखाद्या सीमेतून जाते, तेव्हा त्याच्या नोंदीत बदल दिसतो. पण तो बदल काळात झाला की यान एका प्रदेशातून दुसऱ्या प्रदेशात गेले, हे एकट्या नोंदीवरून ठरविता येत नाही. कुलाब्याची अडचण अवकाशातही तीच होती. तिच्यावरील उपाय म्हणून चार यानांचा समूह पाठविण्याचे ठरले, कारण अवकाशातील तीन परिमाणे चाचपण्यास एका प्रतलात नसलेले किमान चार बिंदू लागतात. युरोपच्या क्लस्टर मोहिमेची पहिली चार याने १९९६ मध्ये उड्डाणातच नष्ट झाली. नव्याने बांधलेली चार याने २००० मध्ये कक्षेत गेली. मार्च २०१५ मध्ये अमेरिकेने एमएमएस या मोहिमेची चार याने सोडली. चतुष्फलकाच्या चार कोपऱ्यांवर, कधी केवळ दहाएक किलोमीटरांच्या अंतराने ती उडत. त्यांची उपकरणे इलेक्ट्रॉनांचे संपूर्ण चित्र सेकंदाच्या तीन शतांश भागात घेत. १६ ऑक्टोबर २०१५ रोजी ही याने नेमक्या त्या लहानशा प्रदेशातून गेली, जेथे इलेक्ट्रॉनही क्षेत्ररेषांपासून सुटतात. पुनर्संयोजनाचे हृदय प्रथमच अशा तपशिलाने वाचले गेले. जेम्स बर्च आणि सहकाऱ्यांचा त्यावरील निबंध २०१६ मध्ये आला.

तुलना पृथ्वीपुरती राहिली नाही. बुधाभोवतीच्या मेसेंजर यानाने लहानशा चुंबकांबरातील पुनर्संयोजन पृथ्वीपेक्षा कितीतरी तीव्र असल्याचे दाखविले. शनीभोवतीच्या कॅसिनी यानालाही पुच्छातील पुनर्संयोजनाच्या खुणा मिळाल्या. गुरूचे चुंबकांबर मात्र प्रामुख्याने त्या ग्रहाच्या जलद भ्रमणाने आणि आयो या उपग्रहावरील ज्वालामुखींतून आलेल्या द्रव्याने चालते; सौरवाताचा अधिकार तेथे बराच गौण ठरतो. नियम एकच, पण परिस्थितीनुसार त्याचे कार्य भिन्न. कादंबरी हा प्रकार निरनिराळ्या भाषांत गेला तेव्हा काय घडले, याचा विचार करणाऱ्यांस ही भूमिका परकी वाटणार नाही. साम्याची यादी करून तुलना संपत नाही. कोणत्या स्थानिक कारणाने भेद पडला, हे सांगता आले तरच ती फलद्रूप होते.

या नव्या ज्ञानाच्या प्रकाशात कुलाब्याच्या नोंदीकडे पुन्हा पाहिले गेले, तेव्हा तिच्या अर्थाविषयी मतभेद झाले. २००३ च्या निबंधाने घसरणीचा संबंध मुख्यतः वलयप्रवाहाशी जोडला. इतर अभ्यासकांनी आक्षेप घेतला, की इतकी तीव्र आणि अल्पकाळ टिकलेली घसरण केवळ वलयप्रवाहाने होत नाही; उच्च वातावरणातील वा क्षेत्ररेषांना अनुसरून वाहणारे प्रवाहही त्यात मिसळले असावेत. तासाची सरासरी घेतली तर घसरणीचा आकडा जवळजवळ निम्मा होतो. म्हणजे वादळ केवढे मोठे होते, या प्रश्नाचे उत्तर अंशतः आपण मूळ संहिता कोणत्या अंतराने वाचतो यावर अवलंबून आहे. हा वाद शक्य झाला, कारण वेधकाने मिनिटांच्या अंतराचे आकडे जपले होते. अविश्वसनीय वाटणारा आकडा त्याने गुळगुळीत केला नाही.

६

२ सप्टेंबर २०२३ रोजी, कुलाब्याच्या त्या दिवसानंतर बरोबर एकशे चौसष्ट वर्षांनी, भारताचे आदित्य-एल१ हे यान श्रीहरिकोट्याहून निघाले आणि ६ जानेवारी २०२४ रोजी पृथ्वीपासून सुमारे पंधरा लाख किलोमीटरांवरील आपल्या कक्षेत स्थिरावले. तारखेचा मेळ योगायोगाचा. वंशपरंपरा मात्र खरी. यानावरील प्रभामंडलदर्शक ज्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेने बांधला, ती कोडाईकनालच्या वेधशाळेमार्गे नुंगमबाक्कमच्या १७९२ च्या वेधशाळेची वारसदार आहे. अतिनील दूरदर्शक पुण्याच्या आयुका संस्थेचा आहे. आयनद्रायूचे एक विश्लेषक उपकरण तिरुवनंतपुरमहून आले, जेथे एकेकाळी ब्राउन यांनी वेध घेतले होते.

मे २०२४ मध्ये पृथ्वीवर मोठे चुंबकीय वादळ झाले. त्याची तीव्रता दर्शविणारा निर्देशांक सुमारे उणे ४०० नॅनोटेस्लांपर्यंत उतरला. आदित्य आणि अमेरिकेची सहा याने यांच्या नोंदी एकत्र करून भारतीय संशोधकांनी पुढे दाखविले, की सूर्यावरून निघालेले दोन मेघ वाटेतच एकमेकांवर आदळले आणि पुनर्संयोजन त्या मेघाच्या पोटातच, सुमारे तेरा लाख किलोमीटरांच्या पट्ट्यात झाले. एका यानाच्या नोंदीतून हे दिसले नसते. गटिंगेनच्या घड्याळाने जे काम आरंभिले, तेच येथे वेगळ्या मापावर पुढे गेले.

या सर्व विवेचनातून साहित्याच्या अभ्यासकाने काय घ्यावे? दोन गोष्टी मला महत्त्वाच्या वाटतात. एकोणिसाव्या शतकातील मराठी गद्याचा इतिहास लिहिताना आपण ग्रंथ, नियतकालिके आणि भाषांतरे यांचाच शोध घेतो. ज्या लेखकांनी हे गद्य घडविले, त्यांतील काहींचा हात रोज रात्रंदिवस आकड्यांच्या वहीवर चालत होता. मोजके लिहावे, पाहिले तेवढेच लिहावे, विपरीत दिसले तरी खोडू नये, ही शिस्त त्या वहीने शिकविली. बाळशास्त्र्यांच्या आणि केरूनानांच्या गद्यातील नेटकेपणाची चर्चा या शिस्तीला वगळून पूर्ण होणार नाही. कुलाबा आणि मद्रास येथील वेधांचे छापील खंड म्हणूनच इतिहासकारांप्रमाणे वाङ्मयाच्या अभ्यासकांनीही हाताळावेत.

दुसरी गोष्ट वर्तमानाची आहे. क्षैतिज बलाला १८४१ मध्ये मराठीत घर नव्हते. १९७० नंतर विश्वकोशाने ते पुष्कळ अंशी बांधले. परंतु संज्ञा कोशात असणे आणि भाषेत वावरणे यांत अंतर आहे. मराठी भाषक शास्त्रज्ञ चुंबकांबराच्या अभ्यासात आहेत. त्यांचे वाचन, त्यांचे वाद आणि त्यांच्या शंका मराठीत उतरत नाहीत, तोवर केरूनानांच्या वहीची कथा पुन्हा घडत राहील. नागावहून थोड्याच अंतरावर असलेल्या अलिबागच्या वेधशाळेत चुंबकाचे वेध आजही घेतले जातात. त्यांपैकी कोणत्या दिवसाचा आकडा पुढील शतकात निर्णायक ठरेल, हे तो नोंदविणाऱ्याला आजही सांगता येणार नाही. म्हणून प्रत्येक दिवसाचा आकडा जपावा लागतो, आणि तो वाचणारी भाषाही.